कागदांना ऊन

भातकापणी सुरू झाली की पुण्याजवळ मुळशीतल्या आमच्या नांद्याच्या हवेला एक वास येतो. उन्हात तापलेल्या पेंढ्याचा, थोडा गोडसर, थोडा धुळीचा. पावसाळाभर ओलं होऊन बसलेलं सगळं आता वाळायला लागलंय, असं सांगणारा. यंदाही तो आला. पूर्वी आमच्या खिडकीतून लांबवर खाचरंच दिसायची. आता मध्ये इमारती उभ्या राहिल्यात आणि त्यांच्या फटीतून दिसेल तेवढंच शेत उरलंय. पण तेवढ्याशा शेतातूनही वास आला आणि मी, काही न ठरवता, कपाटातली कागदांची खोकी काढून गच्चीवर नेली. एकेक कागद पसरला, वर दगड ठेवले आणि सावलीत भिंतीला टेकून बसले.

घरात कुणी विचारलं असतं की हे काय चाललंय, तर मी म्हटलं असतं, कागदांना ऊन दाखवतेय. खरं म्हणजे अशा वेळी मला दोन हजार पाचचं ऊन आठवत असतं.

त्या वर्षी श्रावणात आई गेली. उमरग्याला, आमच्या घरी, चार दिवसांच्या तापानं. दादा नाशिकहून आला, मी इथून गेले. दिवस झाले, पाहुणे पांगले आणि मग आम्ही दोघा भावंडांनी मागच्या अंगणात उभं राहून ठरवलं की वडिलांना, अण्णांना, एकटं ठेवायचं नाही. दिवाळीपर्यंत ते माझ्याकडे नांद्याला राहतील आणि दिवाळीनंतर कायमचे दादाकडे. अण्णांना सांगितलं तर ते म्हणाले, तुम्ही म्हणाल तसं. दादानं घराला कुलूप लावलं. निघताना अण्णांनी एकच वस्तू बरोबर घेतली, पत्र्याची ट्रंक. त्यात कपडे असतील असं मला वाटलं होतं. नांद्याला येऊन उघडली तर आत आईच्या पिशव्या.

आईच्या पिशव्या म्हणजे आमच्या घरची कागदपत्रं. ब्लाउजच्या उरलेल्या कापडांतून तिनं त्या स्वतः शिवल्या होत्या, तोंडाशी नाडी ओवून. एक निळ्या फुलांची, एक खणाच्या काठाची, एक नुसती भगवी. स्वयंपाकघराच्या दारामागं खिळ्यांची एक रांग होती, त्यावर त्या टांगलेल्या असायच्या. कुठलाही कागद लागला की आई हात मागं नेऊन न बघता पिशवी उतरवायची. अण्णा चित्रकलेचे शिक्षक. फळ्यावर एका रेषेत घोडा उभा करणारा हा माणूस बँकेचा फॉर्म समोर आला की आईकडे बघायचा. ती बोट ठेवायची तिथं सही करायचा. आपल्याच घराचे कागद त्यांनी आयुष्यात कधी वाचले नव्हते, आणि त्याचं त्यांना काही वाटतही नसे.

नांद्याला आल्यावर ते खिडकीशी खुर्ची टाकून बसायचे. मुळशीचा पाऊस त्यांनी असा पहिल्यांदाच बघितला. आमच्या उमरग्याकडे पाऊस पाहुण्यासारखा येतो, चहा घेऊन जातो. इथं तो घरचाच होऊन राहतो. चपलांवर बुरशी, मिठाच्या बरणीत पाणी, काडेपेटीच्या काड्या मऊ. अण्णा म्हणायचे, इथं माणसालाही बुरशी येईल. म्हणायचे आणि पुन्हा खिडकीबाहेर बघायला लागायचे. मी त्यांच्यासाठी ड्रॉइंगची वही आणि पेन्सिली आणल्या होत्या. त्या टेबलावर तशाच पडून होत्या.

आम्ही वरच्या मजल्यावर भाड्यानं राहत होतो. खाली घरमालकीण आक्का. पिढ्यान्‌पिढ्यांची शेतकरी बाई, नवरा नाही, मुलगा शेती बघतो, त्यातली थोडी जमीन विकून वरच्या खोल्या बांधलेल्या. दसऱ्याच्या सुमारास त्या काही द्यायला वर आल्या, दारातच थांबल्या आणि नाक मुरडून इकडंतिकडं बघू लागल्या.

"कागदं आंबल्यात तुमची," त्या म्हणाल्या. "ट्रंकंत ठिवून सुकत्यात व्हय? ऊन पडलंय, गच्चीवर दावा त्यास्नी."

बघितलं तर खरंच. ट्रंकेच्या तळाशी पिशव्यांना करडे डाग पडले होते आणि वरचे कागद एकमेकांना चिकटायला लागले होते. अण्णांनी ते डाग बघितले आणि खुर्चीवर जाऊन बसले. आईची कुठलीच वस्तू आपल्याला जपता येत नाही, असं काहीतरी त्यांच्या चेहऱ्यावर होतं.

योगायोग असा की त्याच सुमाराला हिंजवडीला आमच्या ऑफिसात एक सॉफ्टवेअर तयार होत होतं. घरगुती कागदांसाठी. कागद स्कॅन करायचा, त्याला नाव द्यायचं, तारीख टाकायची, प्रकार निवडायचा. मग संगणकावर कप्पे दिसतात, हवा तो कागद शोधला की समोर येतो. माझं काम ते वापरून बघायचं आणि त्यातल्या अडचणी लिहायच्या. आम्हाला सांगितलेलं होतं की स्वतःच्या घरचेच कागद वापरा, म्हणजे खऱ्या अडचणी कळतील. मी ऑफिसचा स्कॅनर घरी घेऊन आले आणि आठवडाभर घरूनच काम केलं.

ते दिवस मला अजून स्वच्छ आठवतात. सकाळी गच्चीवर कागद वाळत, खाली खाचरात कापणी चाललेली. विळ्यांचा करकर आवाज, मध्येच कुणाचं तरी हसणं, फळीवर पेंढ्या आपटल्या की दाण्यांचा सर्रकन होणारा पाऊस. दुपारी वाळलेले कागद खाली आणायचे आणि वीज असेल तोवर स्कॅन करायचे. भारनियमन असायचं, वीज कधी जाईल याचा भरवसा नाही. अण्णा एकेक कागद माझ्या हातात देत. मी काचेवर ठेवी, झाकण लावी, आतून उजेडाची पट्टी सरकत जाई. अण्णांना ती पट्टी फार आवडायची. झाकणाच्या फटीतून ते तिच्याकडे बघत बसत.

मी कागदांचे प्रकार केले. बँक, आरोग्य, घर, शिक्षण, नोकरी, ओळखपत्रं. आईच्या पिशव्या एकेक रिकाम्या होत गेल्या आणि संगणकावर नीटस कप्पे भरत गेले. मला समाधान वाटत होतं. आई गेल्यापासून काहीतरी आवरतंय, कशाला तरी जागा मिळतेय, असं वाटत होतं.

सगळं झाल्यावर एका रविवारी मी अण्णांना संगणकापुढं बसवलं. म्हटलं, गॅसचं पुस्तक शोधून दाखवा. त्यांनी माउस हातात धरला. आधी 'घर' उघडलं, मग 'बँक', मग बराच वेळ 'ओळखपत्रं'. गॅसचं पुस्तक मी 'घर'च्या आत 'सेवा' नावाच्या कप्प्यात टाकलं होतं. त्यांना ते सापडलं नाही. मी दाखवणार, एवढ्यात त्यांनी माउस खाली ठेवला.

"निळ्या फुलांची पिशवी कुठाय?" त्यांनी विचारलं.

मी रिकामी पिशवी आणून दिली. ती मांडीवर पसरून ते म्हणाले, "गॅसचं पुस्तक ह्याच्यात असतंय. गॅसवाला सायकलवरून हाक मारायचा, की ती हीच उतरवायची. मी कितींदा बघितलंय."

मला वाटत होतं, अण्णांना कागदांतलं काहीच माहीत नाही. त्यांना कागद माहीत नव्हते, ते खरंच. पण आई माहीत होती. कुणी दारात आलं की ती कुठल्या पिशवीला हात घालते, हे ते चित्रकाराच्या नजरेनं वर्षानुवर्षं बघत आले होते. मी त्यांना विचारत गेले, ते सांगत गेले. खणाच्या काठाची पिशवी डॉक्टरांकडे जाताना. भगवी बँकेत जाताना. हिरवी नगरपालिकेचा माणूस आला की. आईनं कागद प्रकारानं लावलेच नव्हते, माणसांनुसार लावले होते. ज्या माणसापुढं जो कागद न्यायचा, तो त्याच्या पिशवीत. म्हणून डॉक्टरांच्या पिशवीत औषधांच्या चिठ्ठ्यांबरोबर माझ्या जन्माचा दाखला होता, कारण मी त्याच डॉक्टरांच्या हातून जन्मले. आणि निळ्या पिशवीत गॅसच्या पुस्तकाशेजारी एक लग्नपत्रिका होती, गॅसवाल्याच्या मुलीच्या लग्नाची.

आता मी काय करावं? कागद तर सगळे मिसळले होते. पण सॉफ्टवेअरनं एक गोष्ट माझ्या नकळत सांभाळून ठेवली होती. कुठला कागद कुठल्या क्रमानं स्कॅन झाला, ते त्याला ठाऊक होतं. मी एका वेळी एकच पिशवी रिकामी करून वाळवत आणि स्कॅन करत गेले होते, म्हणजे त्या क्रमात पिशव्या शाबूत होत्या. तो क्रम मी पडद्यावर आणला आणि पुढचे पाच-सहा दिवस आम्ही बापलेकींनी कागद पुन्हा आईच्या जागी लावण्यात घालवले. मी क्रमानं कागद सांगे, अण्णा ढिगातून तो शोधून काढत आणि पिशवीत सरकवत. प्रत्येक कागद आता ते वाचायचे. मध्येच थांबून म्हणायचे, हे तर मला माहीतच नव्हतं. आपल्या भिंतीला लागून शेजाऱ्यांची नळाची लाइन जाते, अण्णांचं ऑपरेशन झालं तेव्हा त्यांना रक्त कुणी दिलं, असलं सगळं. चाळीस वर्षांच्या संसाराची आतली बाजू ते आत्ता वाचत होते.

एका पिशवीचा मेळ मात्र आम्हाला कधीच लागला नाही. करड्या रंगाची, सगळ्यांत लहान. आत शिंप्याची एक पावती, चष्म्याच्या नंबराची चिठ्ठी, एक कोरं पोस्टकार्ड आणि एसटीची जुनी तिकिटं. ही कुणासाठी, कुठं न्यायची, काही कळेना. मी अंदाज करत राहिले. अण्णांनी थोडा वेळ ऐकलं आणि नाडी ओढून बांधून टाकली.

"तिचं तिला ठाऊक," ते म्हणाले. "राहू दे."

संगणकात त्या कप्प्याला मी तेच नाव दिलं. राहू दे.

संगणकातले कप्पेही मी आता पिशव्यांप्रमाणे केले होते, पण नावं रोमन अक्षरांतच देता येत होती आणि अण्णांना ती वाचायचा कंटाळा. पण सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक कप्प्यावर एक छोटं चित्र लावायची सोय होती. मी त्यांना संगणकावरचा चित्रांचा प्रोग्रॅम उघडून दिला. माउसनं रेघ काढणं म्हणजे साबणानं लिहिण्यासारखं आहे, अशी त्यांनी तक्रार केली. पहिला दिवस नुसता वैतागात गेला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी ऑफिसातून आले तर पडद्यावर सायकल होती, मागं सिलिंडर, आणि वाकून पेडल मारणारा गॅसवाला. त्याचा शर्ट वाऱ्यानं फुगलेला. बोटाच्या पेराएवढ्या जागेत त्यांनी ते काढलं होतं. त्यांच्याशेजारी खुर्ची ओढून बसले. आई गेल्यापासून त्यांनी काढलेलं ते पहिलं चित्र.

मग चित्रं येतच गेली. डॉक्टरांच्या मिशा. नगरपालिकेच्या माणसाची काखेतली छत्री. बँकेच्या कॅशियरचा नाकाच्या टोकावर आलेला चष्मा.

दिवाळी झाली आणि आक्का नवे तांदूळ घेऊन वर आल्या. पायलीभर इंद्रायणी, अजून शेताची ऊब असल्यासारखे. अण्णा संगणकापुढं होते. आक्का त्यांच्या मागं उभ्या राहून चित्रं बघत राहिल्या. कुठलं काय ते अण्णांनी त्यांना सांगितलं. आक्कांनी सगळं ऐकून घेतलं आणि सरळ विचारलं, "गुरुजी, बाई गेली म्हून घर कशापायी बंद केलंया?"

मी स्वयंपाकघराच्या दारात थबकले. हा प्रश्न आम्ही कुणीच अण्णांना विचारला नव्हता. दादानं विचारला नव्हता, मीही नाही.

अण्णांनी माउस बाजूला सरकवला. मग म्हणाले, "तिथं काय कुठं आहे ते मला ठाऊक नव्हतं, आक्का."

"आन्‌ आता?"

आक्कांनी तांदूळ ओट्यावर ठेवले, भात कमी पाण्यात शिजवायला मला सांगितलं आणि खाली गेल्या.

नोव्हेंबरात पेन्शनवाल्यांना बँकेत जाऊन हयातीचा दाखला द्यावा लागतो. समोर उभं राहून सही करायची, की मी जिवंत आहे. भगव्या पिशवीत दर वर्षीच्या पोचपावत्या एका टाचणीत ओवलेल्या होत्या. अण्णांनी त्या हातात घेतल्या आणि हसले. आई त्यांना दंडाला धरून न्यायची म्हणे आणि कॅशियरला सांगायची, आणलाय बघा जिता, नीट बघून घ्या. दर वर्षी तेच. सगळी बँक हसायची. एवढं सांगून पावत्या त्यांनी नीट पिशवीत ठेवल्या.

दादाचा फोन आला. त्याच्याकडे खोली तयार होती, खिडकीला नवे पडदे लावले होते, आणि दाखल्याचं काम नाशिकहूनही करता येईल असं त्यानं चौकशी करून ठेवलं होतं. अण्णा म्हणाले, मी बँकेत जाऊन येतो. दादा म्हणाला, एकटे? मीही म्हटलं, मी येते, रजा काढते. अण्णांनी दोघांनाही नको म्हटलं. शांतपणे, पण असं की पुन्हा विचारायची सोय ठेवली नाही.

मी त्यांना स्वारगेटला सोडायला गेले. पायाशी ट्रंक, खिशात सगळ्या कागदांची एक सीडी. तिकडं संगणक नव्हता, पण ती असू दे म्हणाले. गाडी सुटताना मी म्हटलं, पोचल्यावर फोन करा.

दुसऱ्या दिवशी दुपारी फोन आला. सही झाली म्हणाले. कॅशियरनं, बाई कुठं आहेत म्हणून विचारलं. त्याला माहीत नव्हतं. "मी त्याला सांगितलं," अण्णा म्हणाले, "की या वेळी मी माझा मीच आलोय." मग म्हणाले, घर झाडलंय, चहा केलाय, आठ-दहा दिवस राहून बघतो. मी दादाला समजावलं. दादा माझ्यावर चिडला, मग स्वतः जाऊन अण्णांना भेटून आला आणि परतल्यावर म्हणाला, पिशव्या परत खिळ्यांना लावल्यात गं. पडदे मी काढून ठेवतो.

ते आठ-दहा दिवस अजून चालू आहेत. अण्णा उमरग्यालाच असतात. उन्हाळ्यात दादाकडे, दिवाळीला माझ्याकडे. आमचं ते सॉफ्टवेअर फार दिवस टिकलं नाही. माझ्या नोंदींत मी लिहिलं होतं की कप्पे माणसांच्या नावानं लावायची सोय आधीपासूनच असायला हवी. त्यावर बैठकीत थोडी चर्चा झाली आणि विषय पुढं गेला. आता नव्या संगणकावर ते उघडत नाही. पण कागदांची चित्रं माझ्याकडे आहेत, सायकल आणि मिशांसकट. मी ती दर नव्या संगणकावर आधी उतरवून घेते. माणसं जाण्याआधी आपल्या मागं किती बारीक व्यवस्था लावून गेलेली असतात आणि ती आपल्याला किती उशिरा दिसते, याचं मला तेव्हापासून नवल वाटत आलंय. कागद बघता बघता मी थांबते ते बहुतेक याच नवलापाशी.

दोन हजार सहाच्या उन्हाळ्याच्या तोंडाशी एका रविवारी सकाळी अण्णांचा फोन आला. रेशनकार्ड फार फाटलं होतं म्हणून त्यांनी नव्यासाठी अर्ज केला होता. स्वतः रांगेत उभे राहिले होते. नवं कार्ड हातात आलं होतं.

"एकट्याचं आहे," ते म्हणाले. "माझंच नाव. जुनं त्यांनी ठेवून घेतलं."

ते पुढं म्हणाले, "जुन्याचा फोटो आहे ना गं तुझ्याकडं? चौघांचीही नावं असलेला?"

आहे म्हटलं. संगणक चालू करून बघितलं आणि पुन्हा सांगितलं, आहे, नीट आहे, आईचं नाव स्वच्छ वाचता येतंय.

"मग ठीकाय," ते म्हणाले. "हे नवं मात्र तिच्या पिशवीत घालवंना गेलंय. माझ्यासाठी एक वेगळी शिवावी म्हणतो. पांढरं कापड काढलंय. रंगवीन वरून." मग म्हणाले, "सुई कुठं असंल?"

मी म्हटलं, शिलाई मशीनचा ड्रॉवर बघा, नाहीतर कपाटात वरती, बटणांच्या डब्यात.

त्यांनी रिसीव्हर टेबलावर ठेवला. मला ते घर ऐकू येत होतं. ड्रॉवर ओढल्याचा आवाज, तो अडकतो तिथं जरा हलवल्याचा. कपाटाचं दार. डब्यातली बटणं खुळखुळल्याचा आवाज. मग पावलं आत गेली, स्वयंपाकघराच्या बाजूला, आणि बराच वेळ काहीच आवाज नाही. मी फोन कानाला धरून उभी होते. शेवटी लांबून, आतूनच, ते म्हणाले,

"सापडली गं. दोरा ओवलेलाच आहे."